पत्ता दे, मी येते : घरून घरी खेळण्याचा थोडासा इतिहास



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच अट घातली : "तुझ्या क्षेत्रातलं लिही, पण आम्हाला कळेल असं लिही." सॉफ्टवेअरमध्ये वीसहून जास्त वर्षं काढल्यावर ही अट वाटते तितकी सोपी राहत नाही. शेवटी असा विषय निवडला, ज्याच्याशी आपल्या बॅचमधल्या पाच जणांचा प्रत्यक्ष संबंध आला आणि बाकीच्यांच्या घरी मुलांमुळे रोज येतो.

प्रश्न साधा आहे. दोन मित्र, दोन घरं, दोन्हीकडे चांगलं इंटरनेट. दोघांना एकमेकांशी थेट जोडून एखादा गेम खेळायचा आहे, मध्ये कुठलीही कंपनी नको. हे इतकं अवघड का जातं? मुलं ओरडतात, "आई, नॅट टाइप स्ट्रिक्ट दाखवतंय!" आणि आपण राउटर बंद करून चालू करतो. या ओरडण्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

तार, मोडेम आणि सायबर कॅफे

'डूम' हा गेम १० डिसेंबर १९९३ रोजी आला. एका ऑफिसातल्या किंवा कॉलेजातल्या लॅनवर चार जण तो एकत्र खेळू शकत, आणि मोडेमवरून दोघे जण. तेव्हाच्या लॅनवर नॉवेल कंपनीची आयपीएक्स ही भाषा चाले. 'डूम'ची पहिली आवृत्ती आपला प्रत्येक निरोप नेटवर्कवरच्या सगळ्याच यंत्रांना ओरडून सांगे, त्यामुळे अनेक ठिकाणी नेटवर्कच तुंबलं आणि पुढच्या आवृत्तीत ते सुधारावं लागलं. आयपीएक्स घराबाहेर पडत नसे. म्हणून १९९५ मध्ये जे कॉटन आणि स्कॉट कोलमन यांनी 'काली' नावाचा प्रोग्रॅम काढला. तो आयपीएक्सचे निरोप इंटरनेटच्या पाकिटात घालून दूर पाठवी, आणि गेमला वाटे की आपण एकाच खोलीत आहोत. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते पोहोचायला बरीच वर्षं लागली. बारावीच्या सुट्टीत आम्ही दोन मैत्रिणी जे खेळलो, त्यात इंटरनेट नव्हतंच. तिचा मोडेम माझ्या मोडेमला सरळ फोन लावायचा. तो किर्र आवाज थांबला की गेम सुरू. मध्ये फक्त टेलिफोन एक्स्चेंज. बिल लोकल कॉलचं यायचं, आणि तेवढा वेळ घरातला फोन लागत नाही म्हणून ओरडा बसायचा, तो वेगळा.

मुलग्यांना सायबर कॅफे होता. तिथे सात-आठ कॉम्प्युटर एकाच लॅनवर असत आणि 'काउंटर-स्ट्राइक' रंगत असे. रात्री आठनंतर त्या अंधाऱ्या केबिनमध्ये बसायची परवानगी आम्हा मुलींना घरून मिळणं शक्य नव्हतं. म्हणून घरून घरी जोडणी ही आमच्यासाठी हौसेची गोष्ट नव्हती. खेळायचं असेल तर तोच एक रस्ता होता. पुढे या विषयात माझं लक्ष कायम राहिलं, त्याचं मूळ तिथे आहे.

पी.पी. नंबर

आता गोष्टीतला मुख्य अडथळा. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे तो ३२ बिटांचा. घातांकाचं प्रकरण आठवा : दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. सुमारे ४२९ कोटी. त्या काळात हा आकडा कधी संपेल असं वाटलं नव्हतं, म्हणून वाटपही सढळ हाताने झालं. एमआयटी या एका विद्यापीठाकडे अनेक वर्षं १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते होते.

नव्वदच्या दशकात पत्ते पुरणार नाहीत हे स्पष्ट झालं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक उपाय मांडला : नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजेच नॅट. घरातल्या सगळ्या यंत्रांनी आत खासगी पत्ते वापरायचे आणि बाहेर जाताना राउटरने सगळ्यांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता लावायचा. आपल्या घरी १९२.१६८ ने सुरू होणारे जे आकडे दिसतात, ते हेच खासगी पत्ते. मांडणाऱ्यांनी हा तात्पुरता उपाय म्हणूनच मांडला होता. तीस वर्षं झाली, तो अजून आपल्या घरात आहे.

आपल्या पिढीला नॅट समजावणं सोपं आहे, कारण आपण पी.पी. नंबर पाहिलेला आहे. शाळेच्या फॉर्मवर अर्ध्या वर्गाचा फोन नंबर शेजारच्या काकूंचा असायचा. त्यांच्याकडे जाऊन आपण फोन करणं सोपं. पण बाहेरून कोणाचा फोन आला, तर काकूंना कळायला हवं की तो कोणासाठी आहे, आणि त्यांनी हाक मारायला हवी. नॅटचं अगदी तसंच आहे. आतून बाहेर जाणारं सगळं चालतं : वेबसाइट, ईमेल, व्हिडिओ. बाहेरून न बोलावता आलेलं पाकीट मात्र कोणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही, आणि तो ते टाकून देतो. गेम खेळताना नेमकं हेच होतं. मैत्रीण माझ्या घरी 'फोन' करते आणि काकू उचलत नाहीत.

'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणजे काकूंना आधीच सांगून ठेवणं : अमुक क्रमांकावर आलं तर मला हाक मारा. हे राउटरच्या पानावर जाऊन हाताने करावं लागतं. त्यासाठी आपल्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता पक्का करून ठेवावा लागतो, नाहीतर उद्या तोच पत्ता टीव्हीला मिळतो आणि काकू भलत्यालाच हाक मारतात.

दोन्हीकडून एकदम

राउटरला हात न लावता थेट जोडणी करायची युक्ती गेम बनवणाऱ्यांना आणि नेटवर्कवाल्यांना मिळून सुचत गेली. डॅन केगेल यांनी १९९९ च्या सुमारास तिच्याबद्दल लिहिलं. तिचं नाव होल पंचिंग.

सोसायटीच्या वॉचमनची कल्पना करा. ज्याला आतून कोणी बोलावलं आहे, त्यालाच तो आत सोडतो. मी पुण्यात, मैत्रीण नाशकात. आम्ही दोघी आधी एका तिसऱ्या, उघड्या पत्त्यावरच्या सर्व्हरला भेटतो. तो आम्हाला एकमेकींचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो. मग दोघी एकाच वेळी एकमेकींकडे पाकीट पाठवतो. माझ्या वॉचमनला वाटतं, हिनेच नाशिकला बोलावलंय. तिच्या वॉचमनला वाटतं, हिनेच पुण्याला बोलावलंय. दोन्ही दारं उघडतात आणि तिसऱ्याची गरज संपते.

बाहेरून आपला पत्ता कसा दिसतो हे विचारायची ठरावीक पद्धत मार्च २००३ मध्ये स्टन या नावाने आली. २००५ मध्ये ब्रायन फोर्ड, प्यदा श्रीसुरेश आणि डॅन केगेल यांनी वेगवेगळी नॅट यंत्रं तपासून निष्कर्ष मांडले : यूडीपी प्रकारच्या वाहतुकीसाठी ८२ टक्के यंत्रांवर ही युक्ती चालते, टीसीपीसाठी सुमारे ६४ टक्के. उरलेल्यांत मुख्य अडचण असते ती 'सिमेट्रिक' नॅटची. ते प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी नवीन पोर्ट काढतं, त्यामुळे सर्व्हरने सांगितलेला क्रमांक मैत्रिणीच्या कामाचा राहत नाही. मग दोघींमधलं सगळं बोलणं मध्यस्थ सर्व्हरमार्फतच करावं लागतं. गेमच्या पडद्यावर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट असं जे लिहून येतं, ती याच प्रकारांची सोपी केलेली नावं आहेत.

शिट्टी आणि कवायत

जोडणी झाली तरी वेगाचा प्रश्न उरतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येण्याला किमान १२५ मिलिसेकंद, आणि तार सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात दुपटीच्या आसपास. यावर कोणत्याही कंपनीचा महागडा प्लॅन उपाय करू शकत नाही.

तरी 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७ मध्ये २८.८ च्या मोडेमवर आठ जणांना खेळता यायचा. कसा, ते तो बनवणाऱ्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये एका निबंधात सांगितलं. हजारो सैनिकांची जागा तारेवरून पाठवणं अशक्य होतं. म्हणून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण गेम स्वतंत्रपणे चाले, आणि तारेवरून जात ते फक्त खेळाडूंचे हुकूम. आपली पी.टी.ची कवायत तशीच होती. सर फक्त शिट्टी वाजवत, प्रत्येकाकडे जाऊन हात उचलून देत नसत. सगळ्यांना क्रम पाठ असल्यामुळे दोनशे हात एकदम वर जात.

आत्ता दिलेला हुकूम दोन फेऱ्यांनंतर सगळीकडे एकाच वेळी अमलात येई, म्हणजे तेवढ्या वेळात तो सर्वांपर्यंत पोहोचलेला असे. त्यांच्या चाचण्यांमध्ये एक मजेदार गोष्ट दिसली : पाव सेकंदाचा उशीर खेळाडूंच्या लक्षातही येत नाही, मात्र कमीजास्त होणारा उशीर त्यांना सहन होत नाही. या पद्धतीचा धोकाही त्यांनी लिहिला आहे. सुरुवातीला एखादं हरीण एका कॉम्प्युटरवर किंचित वेगळ्या जागी असेल, तर काही मिनिटांनी शिकारीला निघालेला गावकरी थोडा वेगळा चालतो, आणि बघता बघता दोघांचे गेम दोन वेगळी जगं होतात.

लॉकडाउनमधले चार रविवार

मार्च २०२० मध्ये देश बंद झाला. एप्रिलमध्ये आपल्या बॅचच्या पाच जणांनी ठरवलं की जुना 'एज ऑफ एम्पायर्स २' एकत्र खेळायचा. एक जण नाशिक, एक सिन्नर, एक बंगळूर, एक न्यू जर्सी आणि मी पुण्यात. रविवारी रात्री नऊला आमचं जमायचं, न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेअकरा.

पहिल्या रविवारी न्यू जर्सीच्या मित्राने यजमानपद घेतलं. त्याने ४७६२४ आणि २३०० ते २४०० ही पोर्ट उघडली होती. लॉबीत सगळ्यांची नावं दिसली, गेम सुरू केला आणि एकेक जण गळत गेला. कारण या गेममध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. यजमानाचं दार उघडं असून भागत नाही, पाचही दारं उघडी लागतात.

दुसरा रविवार तपासणीत गेला. मी सगळ्यांना एकच काम सांगितलं : राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता बघा, आणि 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या वेबसाइटवरचा पत्ता बघा. दोन्ही एक आहेत का? पुणे आणि न्यू जर्सीत एक होते. बंगळूरला वेगळे, कारण तिथे कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा वाय-फाय राउटर, असे एकामागे एक दोन नॅट होते. एका डब्याला ब्रिज मोडवर टाकल्यावर ते सुटलं. नाशिकचा राउटर १००.७२ असा पत्ता दाखवत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे तिथे घराच्या नॅटबाहेर कंपनीचं आणखी एक नॅट होतं. पी.पी. नंबरचाही पी.पी. नंबर! अशा वेळी घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. सिन्नरची मैत्रीण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होती, तिथेही तेच. नाशिकच्या मित्राने कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं : राउटर रिस्टार्ट करा. तिसऱ्या फोनला कळलं की स्वतंत्र पत्ता वेगळे पैसे भरून मिळतो.

तिसऱ्या रविवारी आम्ही 'काली'चीच युक्ती वापरली, नव्या रूपात. आभासी लॅनचं सॉफ्टवेअर पाचही कॉम्प्युटरवर टाकलं. ते होल पंचिंग करून पाच घरांची मिळून एक खोटी खोली तयार करतं, आणि गेमला वाटतं आपण कॅफेत शेजारी बसलोय. तरी दोघांना गेम दिसेना. बंगळूरला विंडोजने या नव्या जोडणीला 'सार्वजनिक नेटवर्क' समजून फायरवॉल लावली होती. नाशिकला गेम आभासी जोडणीऐवजी वाय-फायवर शोधत होता, तेव्हा आभासी जोडणीला वरचा क्रम दिला.

चौथ्या रविवारी पाचही जण खेळलो. चौघं थेट जोडले गेले. सिन्नरचं मोबाइल नेटवर्क सिमेट्रिक असल्यामुळे तिचं येणंजाणं मध्यस्थामार्फत झालं, पण शिट्टी-कवायतीच्या पद्धतीमुळे तो उशीर कोणाला जाणवला नाही. पहिली लढाई तिनेच जिंकली.

ही जोडणी किती कामाची आहे, हे मात्र एका वर्षाने कळलं. एप्रिल २०२१ मध्ये आमच्यातल्या एकाचे वडील कोविडने गेले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या घरी पोहे खाल्लेले आहेत. कोणालाही जाता आलं नाही. तेराव्यानंतरच्या रविवारी तो रात्री नऊला खोलीत हजर झाला. गेम सुरू केला, पण कोणी कोणावर चाल करून गेलं नाही. गावकरी लाकडं तोडत राहिले, शेतं पिकवत राहिले, आणि तो वडिलांबद्दल बोलत राहिला. रात्री दोन वाजता म्हणाला, "फोनवर मला हे बोलता आलं नसतं. हाताला काहीतरी काम लागतं."

यजमान कोण, पाहुणा कोण

त्या पाच घरांकडे मागे वळून पाहिलं की एक गोष्ट खटकते. न्यू जर्सीच्या मित्राला काही न मागता स्वतःचा पत्ता होता. सिन्नरच्या मैत्रिणीला तो मिळण्याची सोयच नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा जागतिक साठा संपला, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागात शिलकीतला शेवटचा गठ्ठा हातात आला. आपण इंटरनेटवर मोठ्या संख्येने आलो ते त्यानंतर. भारताच्या वाट्याला ३२ बिटांचे चार कोटींच्या आसपास पत्ते आले, लोकसंख्या एकशे चाळीस कोटी. ज्याला पत्ता आहे तो घरून काहीही चालवू शकतो : गेम, वेबसाइट, फोटोंचा सर्व्हर. ज्याला नाही, तो कायमचा पाहुणा.

यावरचा खरा उपाय म्हणजे १२८ बिटांचे पत्ते, आयपीव्ही६. जून २०१२ मध्ये जगभर त्याची सुरुवात झाली. समाधानाची गोष्ट ही की पत्त्यांच्या या टंचाईनेच भारताला पुढे ढकललं. मोबाइल कंपन्यांनी आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं, आणि आज भारतातले निम्म्याहून जास्त वापरकर्ते त्यावर आहेत. जुन्या गेमना ते समजत नाही, आणि सुरक्षेसाठी राउटरचं दारही बंदच असतं. पण आता दाराची किल्ली निदान घरात असू शकते.

कंपन्यांचे मध्यस्थ सर्व्हर वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. ते खेळाडूचा पत्ता लपवतात, त्यामुळे चिडलेला अनोळखी प्रतिस्पर्धी आपल्या मुलाची जोडणी बंद पाडू शकत नाही, आणि फसवणूकही कमी होते. अनोळखी लोकांशी खेळताना तेच योग्य. पण ३१ मे २०१४ रोजी गेमस्पाय ही सेवा बंद झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक गेमचं ऑनलाइन खेळणं थांबलं. ज्यांत मित्राचा पत्ता टाकून थेट जोडायची सोय होती, ते पुढेही खेळता येत राहिले. १९९९ चा आमचा गेम आम्ही आजही खेळतो, ते त्या सोयीमुळे.

तेव्हा मुलांना गेम घेऊन देताना एवढं जरूर बघा : त्यात लॅनची किंवा थेट जोडणीची सोय आहे का? आणि एकदा राउटरचं पान उघडून आपला पत्ता खरा आहे की पी.पी.चा, ते तपासा. अडलं तर बॅचच्या ग्रुपवर मला विचारा. आमच्या खोलीत आठ जणांची जागा आहे, अजून तीन रिकाम्या आहेत. रविवार, रात्री नऊ. ज्या शिक्षकांना यायचं असेल त्यांच्याविरुद्ध आम्ही पहिली पंधरा मिनिटं चाल करणार नाही, एवढं वचन देते.